उत्तर कोकण आणि जर्मन भाषेचा पहिला पाठ

तारापूरला लागूनच असलेल्या चिंचणी या गावी गेल्या शतकाच्या सहाव्या दशकात राष्ट्रकूटकालीन व त्यानंतरचे काही ताम्रपट उजेडात आले, आणि दिनेशचंद्र सरकार यांनी ते 'एपिग्राफिया इंडिका'त प्रसिद्ध केले. त्यांतील शके ८४८ (इ. स. ९२६) च्या ताम्रपटावरून तिसऱ्या इंद्राच्या राज्यात संयान म्हणजे संजाण मंडलाचा कारभार 'मधुमति सुगतिप' नावाचा एक ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी पाहत होता, असे कळते. 'मधुमति' हे 'मुहम्मद' या नावाचे संस्कृत रूप होय, असे मानले जाते. कोकणच्या इतिहासाच्या अभ्यासकास हा मजकूर परिचित आहेच. येथे त्याचा उल्लेख निराळ्या कारणासाठी केला आहे. ताम्रपट बनावटही असू शकतो, आणि त्याच्या खरेपणाची एक कसोटी अक्षरवटिका ही असते. ही कसोटी लावू पाहणारा अभ्यासक ज्या ग्रंथाकडे वळतो, तो गेऑर्ग ब्यूलर यांचा भारतीय लिपिशास्त्रावरील ग्रंथ प्रथम १८९६ साली स्ट्रासबुर्ग येथे जर्मन भाषेत निघाला. फ्लीट यांनी संपादिलेले त्याचे इंग्रजी भाषांतर 'इंडियन अँटिक्वरी'ची पुरवणी म्हणून बाहेर पडले ते १९०४ साली. मधल्या आठ वर्षांत जर्मन न जाणणाऱ्यास तो ग्रंथ असून नसल्यासारखा होता.

याच किनाऱ्यावर थोडे दक्षिणेस सोपारे आहे. तेथे भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. अशोकाच्या लेखांचा अर्थ लावणारी ब्यूलर यांची लेखमाला १८८३ पासून जर्मन प्राच्यविद्या संस्थेच्या नियतकालिकात येऊ लागली, तीही जर्मन भाषेतच. म्हणजे आज जो भूभाग पालघर जिल्हा म्हणून ओळखला जातो (हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला), त्याच्या प्राचीन साधनांचा अर्थ लावण्याचा बराच खटाटोप अशा भाषेत चालला होता, की जिचा एक अक्षरही येथील माणसास वाचता येत नव्हते. ही भाषा येथील लोकांनी कशासाठी, कोणत्या वाटेने आणि कोणाच्या मध्यस्थीने शिकावयास घेतली, हा प्रश्न लहान वाटला तरी त्याची गाठ विद्येच्या स्वायत्ततेशी पडते.

या किनाऱ्याशी ज्यांचे नाते आहे अशांपैकी जर्मनचा पहिला पाठ गिरवणारे लोक ताम्रपटांसाठी तिकडे वळले नव्हते. ते वळले स्वतःच्या धर्मग्रंथासाठी. इराण सोडून आलेले पारशी संजाणला उतरले ही त्यांची परंपरागत कथा सर्वश्रुत आहे. संजाण आज गुजरातेत असले तरी १९६० पर्यंत तो ठाणे जिल्ह्याचाच भाग होता, आणि डहाणू, तारापूर या गावी पारशी वस्ती पूर्वापार होती. तारापूरच्या विकाजी मेहेरजींचे घराणे तर पुढे हैदराबादेत निजामाचे सावकार म्हणून नावारूपास आले. या समाजाचा अवेस्ता हा ग्रंथ पाठात होता, अर्थ मात्र बराचसा हरवला होता. अर्थ शोधण्याचे काम युरोपात चालले होते, आणि त्यात जर्मन पंडित पुढे होते. एर्लांगेनचे प्राध्यापक फ्रीड्रिश स्पीगेल यांनी अवेस्ताचे जर्मन भाषांतर १८५२ पासून प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. मुंबईच्या खरशेदजी रुस्तमजी कामा यांनी युरोपात असता पॅरिस येथे मोल व ओपेर्ट यांच्यापाशी आणि एर्लांगेन येथे स्वतः स्पीगेल यांच्यापाशी अध्ययन केले, आणि परत आल्यावर १८६१ पासून मुंबईत अवेस्ता-पहलवीचे वर्ग सुरू केले. व्यापाराच्या निमित्ताने विलायतेस गेलेला हा गृहस्थ जर्मन भाषा शिकला ती दुभाष्याची गरज भागविण्यासाठी नव्हे, आपल्याच प्रार्थनांचा अर्थ समजून घेण्यासाठी.

कामांसारखे थोडेच. इतरांनी दुसरी वाट धरली, आणि ती वाट या विषयाच्या दृष्टीने अधिक बोलकी आहे. मंचेरजी होरमसजी कामा यांच्यासाठी ब्लीक नावाच्या इंग्रजाने स्पीगेल यांच्या जर्मन भाषांतराचे इंग्रजी रूपांतर केले आणि ते १८६४ साली छापले गेले. अवेस्ता ते जर्मन, जर्मन ते इंग्रजी, आणि मग तो ग्रंथ ज्यांचा त्यांच्या हाती. एका समाजाचे धर्मपुस्तक त्याच्याकडे दोन परक्या भाषांचा वळसा घालून परत आले! पुढच्या पिढीत हा वळसा निम्मा कमी झाला. दस्तूर पेशोतन यांचे पुत्र दाराब संजाना यांनी विल्हेल्म गायगर यांचा पूर्व इराणी संस्कृतीवरील जर्मन ग्रंथ स्वतःच इंग्रजीत आणला (१८८५-८६). संजाना हे आडनाव ज्या गावाच्या नावावरून आले, ते पुन्हा याच किनाऱ्यावरचे.

मराठी भाषिकांची गोष्ट जरा निराळी आहे. त्यांच्या दारात जर्मन पंडित स्वतःच येऊन राहिले होते. मार्टिन हाउग १८५९ साली पुण्यास आले व १८६६ पर्यंत तेथे संस्कृतचे अध्यापक होते. त्यांच्यामागून फ्रान्झ कीलहॉर्न आले, ते डेक्कन कॉलेजात १८८१ पर्यंत राहिले. ब्यूलर १८६३ पासून १८८० पर्यंत मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात होते, प्रथम एल्फिन्स्टन कॉलेजात प्राध्यापक म्हणून. इतक्या वर्षांच्या सहवासात त्यांच्याकडून कित्येक विद्यार्थ्यांनी संस्कृत शिकून घेतले, जर्मन मात्र क्वचितच. याचे कारण उघड आहे. हे पंडित इंग्रज सरकारचे नोकर होते, वर्गातली भाषा इंग्रजी होती, आणि कीलहॉर्न यांचे संस्कृत व्याकरणही इंग्रजीतच निघाले (१८७०). जर्मन ही त्यांची घरची भाषा होती व ती घरीच राहिली.

उलट दिशेने मात्र एक पाठ गेला. रा. गो. भांडारकर यांनी संस्कृताच्या नवशिक्यांसाठी लिहिलेले पहिले पुस्तक, 'मार्गोपदेशिका', १८६४ साली निघाले. दुसरे पुस्तक १८६८ साली आले, आणि त्याच मालेला जोडून तिसरे पुस्तक ब्यूलर यांनी केले. हेच ब्यूलर पुढे व्हिएन्नास प्राध्यापक झाल्यावर त्यांनी तेथील आरंभीच्या विद्यार्थ्यांसाठी संस्कृतचे एक प्रवेशपुस्तक जर्मनमध्ये लिहिले (१८८३). त्याच्या नावातील 'लाइटफाडेन' या शब्दाचा अर्थ वाट दाखविणारा धागा असा होतो, आणि 'मार्गोपदेशिका' या नावाशी असलेला त्याचा सारखेपणा ध्यानात आल्यावाचून राहत नाही. या पुस्तकावरून पेरी या अमेरिकन प्राध्यापकाने १८८५ साली इंग्रजी प्रवेशपुस्तक रचले. मुंबईत शिकविण्याचा अनुभव गाठीशी असलेला मनुष्य अशा रीतीने जर्मन आणि अमेरिकन विद्यार्थ्यांचा पहिला गुरू ठरला. येथल्या विद्यार्थ्यास जर्मनचा पहिला पाठ देणारे तसे पुस्तक मात्र कोणी रचले नाही.

त्याची उणीव लवकरच भासू लागली. आल्ब्रेश्ट वेबर यांनी १८७० साली रामायणावर निबंध लिहून त्यात होमरच्या काव्याची छाया दाखविण्याचा प्रयत्न केला. तो येथील वाचकांपुढे आला तो 'इंडियन अँटिक्वरी'तील इंग्रजी भाषांतरातून, १८७२ साली. काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी त्यास दिलेले उत्तर पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झाले. लोरिन्झर यांनी १८६९ च्या आपल्या गीतेच्या जर्मन भाषांतरात गीतेवर ख्रिस्ती शुभवर्तमानांचे ऋण असल्याचे प्रतिपादन केले, त्याचाही समाचार तेलंगांनी १८७५ साली घेतला. तेलंगांच्या युक्तिवादाची धार आजही बोथट झालेली नाही. परंतु या वादांचा व्यवहार पाहिला तर वादाचा विषय भारतीय, वादी जर्मन, आणि दोहोंमधला निरोप्या इंग्रज, असे त्याचे रूप दिसते. भाषांतर होईल तेव्हाच आणि होईल तेवढ्याचेच उत्तर देता येणार. जे भाषांतरित झाले नाही त्याचा प्रतिवाद कोण करणार? खुद्द भांडारकरांचा जर्मन विद्वत्तेशी संबंध फार निकटचा होता. ग्योटिंगेन विद्यापीठाने त्यांना १८८५ साली सन्माननीय पदवी दिली, आणि वैष्णव-शैव पंथांवरील त्यांचा ग्रंथ स्ट्रासबुर्गच्याच ग्रंथमालेत १९१३ साली निघाला. पण तोही इंग्रजीत.

या परिस्थितीला जाणीवपूर्वक छेद देणारा मराठी नवशिका म्हणून ज्यांचे नाव घ्यावयास हवे ते बाळ गंगाधर टिळक होत. 'ओरायन' (१८९३) मधील वेदकालाविषयीचे त्यांचे अनुमान आणि बॉन येथील हेर्मान याकोबी यांचे स्वतंत्रपणे काढलेले अनुमान एकाच वेळी पुढे आले, आणि तेव्हापासून जर्मन पंडितांच्या लेखनाशी त्यांचा सतत संबंध आला. १९०८ साली त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा त्यांचे वय जवळजवळ बावन्न होते. मंडालेच्या तुरुंगात शिक्षक नव्हता, वृत्तपत्र नव्हते. तेथे त्यांनी स्वाध्यायाने जर्मन, फ्रेंच आणि पाली या तीन भाषा ग्रंथ वाचता येण्यापुरत्या आत्मसात केल्या. 'गीतारहस्य' १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहून झाले व १९१५ साली छापले गेले. त्याच्या परिशिष्टात लोरिन्झर यांचे मत पुन्हा एकदा चर्चेस घेतले आहे. तेलंगांच्या वेळचा प्रश्न तोच होता, पण आता तो हाताळणारा लेखक जर्मन पुस्तक स्वतः उघडू शकत होता. मंडालेतील या अभ्यासाचे वर्णन चरित्रकार बहुधा कष्टाळूपणाचे उदाहरण म्हणून करतात. ते खरेच आहे, पण अपुरे आहे. मध्यस्थ नको, ही भावना राजकारणात ज्याची त्याचीच विद्येत असणार, हे अधिक स्वाभाविक दिसते.

त्यानंतर जर्मनीस जाऊन शिकणाऱ्यांची परंपरा सुरू झाली, ती सुपरिचित असल्यामुळे येथे थोडक्यात सांगणे पुरे. पांडुरंग दामोदर गुणे यांनी लाइपत्सिग येथे भाषाशास्त्राचे अध्ययन केले, आणि तुलनात्मक भाषाशास्त्रावरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १९१८ साली निघाले. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी बर्लिनमध्ये ल्यूडर्स यांच्या हाताखाली शाकटायनाच्या व्याकरणावर जर्मनमध्ये प्रबंध लिहिला. पाठचिकित्सेची जी शिस्त त्यांनी तेथे उचलली तिचे फळ म्हणजे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे चिकित्सित महाभारत. इरावती कर्वे १९२८ ते १९३० या काळात बर्लिनला होत्या व त्यांचाही मानववंशशास्त्रावरील प्रबंध जर्मनमध्येच होता. याच काळात पुण्यात एक उलटे उदाहरण घडत होते. ज्ञानकोशकार केतकरांच्या पत्नी शीलावती केतकर या जन्माने जर्मनभाषक ज्यू घराण्यातील. त्यांनी विंटरनित्झ यांच्या भारतीय वाङ्मयेतिहासाचे जर्मनमधून इंग्रजीत भाषांतर केले, आणि ते कलकत्ता विद्यापीठाने १९२७ व १९३३ साली दोन खंडांत प्रसिद्ध केले. आज भारतात तो ग्रंथ वाचणाऱ्या बहुसंख्य विद्यार्थ्यांना पहिल्या पानावरील भाषांतरकर्तीचे नाव लक्षातही राहत नाही, ही खेदाची गोष्ट होय. पण येथेही फलनिष्पत्ती इंग्रजीतच झाली, हे नोंदविले पाहिजे.

या सर्व इतिहासात एक गोष्ट कायम राहिली. मराठी माणूस जर्मनकडे गेला तो इंग्रजीच्या दारातून. त्याचे व्याकरण इंग्रजीत लिहिलेले, उदाहरणे इंग्रजाला अडणाऱ्या ठिकाणांची, आणि कठीण काय व सोपे काय याचा निर्णय इंग्रजाने केलेला. स्वातंत्र्यानंतर पुणे विद्यापीठाचा परकीय भाषांचा विभाग रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत चालू झाला, मुंबईत व पुण्यात मॅक्स म्यूलर भवने उभी राहिली, शुल्ट्स व ग्रीसबाख यांचे १९५५ चे परकीयांसाठीचे जर्मन पुस्तक जगभर वापरात आले. ते पुस्तक संपूर्ण जर्मनमध्ये होते, तरी वर्गातले स्पष्टीकरण बहुशः इंग्रजीतच होत असे. या सवयीमुळे मराठी विद्यार्थ्याचे काय नुकसान झाले ते पाहण्यासाठी भाषेच्या अगदी पहिल्या पायऱ्या तपासणे अवश्य आहे.

पहिला अडथळा लिंगाचा. इंग्रजी पुस्तके नवशिक्यास बजावतात, की जर्मनमध्ये निर्जीव वस्तूंनाही लिंग असते आणि ते तीन प्रकारचे असते. मराठी मुलास यात नवल ते काय? 'डेअर, डी, डास' ही त्याच्या 'तो, ती, ते' ची भावंडे आहेत. सूर्य जर्मनमध्ये स्त्रीलिंगी आहे, हे त्यास पाठ करावे लागेल, पण लिंग ही कल्पना शिकावी लागणार नाही. जर्मनमध्ये मुलीला 'मेटशेन' म्हणतात व तो शब्द नपुंसकलिंगी आहे, यावर इंग्रजी पुस्तकांतून विनोद केलेले आढळतात. त्याचे कारण 'शेन' हा लघुत्वदर्शक प्रत्यय आहे, आणि त्या प्रत्ययाचे सर्व शब्द नपुंसक असतात. ज्या भाषेत लेकरू, वासरू, कोकरू, पाखरू ही सारी पिले 'ते' आहेत आणि घरातली धिटुकली मुलगीही कौतुकाने 'पोरगं' होते, त्या भाषेच्या माणसास हा विनोद कळणारच नाही.

संख्यांची गोष्ट याहून मौजेची आहे. इंग्रजीत आधी वीस मग एक. जर्मनमध्ये आधी एक मग वीस: 'आइन-उंट-त्स्वान्त्सिश', म्हणजे एक-आणि-वीस. मराठीतही एकवीस, बावीस, पंचवीस यांत एकक आधीच येतो. असे असता मराठी विद्यार्थी मनात प्रथम इंग्रजी संख्या आणतो, ती उलटी करतो, आणि मग जर्मन उच्चारतो. दोनदा उलटून पुन्हा मूळच्या जागी येतो. घड्याळाचेही तसेच. 'हाल्प द्राय', शब्दशः 'अर्धे तीन', म्हणजे अडीच. इंग्रजीत विचार करणारा हमखास साडेतीन समजतो व गाडी चुकवतो. पण मराठी 'अडीच' हा शब्द मुळात 'अर्धतृतीय', म्हणजे ज्यातला तिसरा अर्धाच आहे, यापासूनच प्राकृतातून आलेला आहे. 'दीड' मध्ये 'द्व्यर्ध' आहे, आणि जर्मन 'आंडर्टहाल्प' या दिडाच्या शब्दातही 'दुसरा अर्धा' हाच अर्थ दडला आहे. येथे मात्र साम्य संपते. मराठी साडेतीनपासून पुढे 'सार्ध' ची, म्हणजे अर्ध्यासहित मोजण्याची, रीत घेते. जर्मन साडेतीनलाही 'अर्धे चार' च म्हणते.

विभक्तींचा बाऊ इंग्रजीमुळेच झाला. संस्कृतच्या आठ विभक्ती शाळेत घोकलेल्या विद्यार्थ्यास जर्मनच्या चार, म्हणजे प्रथमा, द्वितीया, चतुर्थी व षष्ठी, फार नव्हेत. क्रियापदापासून सुटून वाक्याच्या शेवटी जाऊन बसणारे उपसर्ग इंग्रजास चमत्कारिक वाटतात. वेद वाचणाऱ्यास ते ओळखीचे आहेत, कारण वैदिक भाषेत उपसर्ग क्रियापदापासून दूर राहू शकतो. लांबलचक सामासिक शब्दांविषयी तर बोलावयासच नको. जर्मन भाषाशास्त्र स्वतःच 'बहुव्रीही' आणि 'द्वंद्व' या संज्ञा वापरते. उच्चारांत जर्मन लिपीतील शेवटचे अक्षर 'त्स' असा ध्वनी देते. इंग्रजी पुस्तक त्यासाठी दोन अक्षरे जुळवून दाखवते, परंतु मराठी माणूस तो ध्वनी 'चाक' आणि 'चमचा' म्हणताना रोज काढतो. मराठीच्या या दंततालव्य 'च' चा उल्लेख प्रचलित पाठांत सहसा येत नाही.

परंतु सर्वांत महत्त्वाचे साम्य वाक्यरचनेत आहे आणि संशोधकास तेच सर्वाधिक उपयोगी आहे. जर्मन विद्वत्गद्याची खरी कठीणता म्हणजे नामापूर्वी येणारी लांब विशेषणमाला. 'डेअर गेस्टर्न इन बोईसर आनगेकॉमने त्सूक' हे पद घ्यावे. शब्दाला शब्द ठेवला तर ते 'ती काल बोईसरमध्ये आलेली गाडी' असे होते, आणि हेच शुद्ध मराठी आहे. इंग्रजीला येथे गाडी आधी सांगून मागून संबंधी वाक्य जोडावे लागते. म्हणून इंग्रजी पुस्तके ही रचना शेवटच्या धड्यांत ढकलतात, आणि ब्यूलर, ल्यूडर्स यांच्या पानापानांवर तीच असल्यामुळे विद्यार्थी मूळ ग्रंथाजवळ येऊन थबकतो. गौण वाक्यात क्रियापद शेवटी जाते तेथेही तसेच: 'डास एअर गेकॉमेन इस्ट' यातील पहिला शब्द सोडला तर उरलेला क्रम 'तो आलेला आहे' असाच आहे.

मराठीची मदत सर्वत्र होते असे मात्र नव्हे. मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी येते, याला मराठीत जोड नाही. 'ऊ' आणि 'ई' यांच्या मधला ओठ गोल करून काढावयाचा स्वर मराठीस नाही, आणि अनेकवचनांची विविध रूपे तर केवळ पाठांतरानेच येतात. पाणी, भाकरी, हात, बोट, घर अशा रोजच्या शब्दांत इंग्रजी ही जर्मनची सख्खी बहीण असल्यामुळे तिचा उपयोग निर्विवाद आहे. शब्दांसाठी इंग्रजी आणि रचनेसाठी मराठी-संस्कृत, अशी वाटणी झाली असती तर ती सर्वांत न्याय्य ठरली असती. जुन्या विद्यार्थ्यांना आणखी एक विघ्न होते. १९४१ पर्यंत जर्मन पुस्तके बहुधा 'फ्राक्टूर' या मोडक्या वळणाच्या लिपीत छापली जात. मोडी आणि बाळबोध अशा दोन लिप्या हाताळणाऱ्या पिढीला दुसरी लिपी नवी नव्हती, एवढाच काय तो दिलासा.

जर्मन शिकण्याची कारणे पुढे बदलली. विसाव्या शतकाच्या मध्यावर ती इतिहासाच्या व संस्कृतच्या विभागांतून रसायनाच्या प्रयोगशाळांत गेली. सेंद्रिय रसायनाचे बाइलश्टाइन यांचे कोशस्वरूप प्रचंड संकलन १८८१ पासून जर्मनमध्ये निघत होते व जवळजवळ शंभर वर्षे जर्मनमध्येच राहिले. रंगद्रव्यांचे शास्त्र तर मुळातच जर्मन कारखान्यांत वाढलेले. माटुंग्याच्या रासायनिक तंत्रविद्या विभागातील (स्थापना १९३३) संशोधकांस जर्मन वाचता येणे ही ऐट नव्हती, ती कामाची अट होती. अणुविद्युत् केंद्र १९६९ साली तारापुरास चालू झाले ते अमेरिकन तंत्रावर, आणि त्याची भाषा इंग्रजी होती. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत मात्र पुढे रंगांचे व औषधी द्रव्यांचे कारखाने दाटीने उभे राहिले, आणि त्यांच्या विद्येची मुळे ऱ्हाइनच्या काठी पोचतात. तरी या पिढीचेही जर्मन डोळ्यांचेच राहिले. कामांपासून रसायनज्ञांपर्यंत, परदेशी जाऊन राहिलेले थोडे वगळता, कोणासही जर्मनमध्ये भाजी मागावी लागली नव्हती.

तो क्रम आता उलटला आहे. महाराष्ट्र आणि जर्मनीतील बाडेन-व्यूर्टेम्बेर्ग हे राज्य यांच्यात २०२४ साली करार झाला. पहिल्या टप्प्यात दहा हजार कुशल कामगार तिकडे पाठविण्याचा आणि त्यांना जर्मन शिकविण्याची व्यवस्था राज्याच्या शालेय शिक्षण विभागामार्फत करण्याचा त्यात संकल्प होता. परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक अशा व्यवसायांचा त्यात समावेश होता. या राज्याची राजधानी श्टुटगार्ट आणि मुंबई यांचे भगिनी-नगरांचे नाते १९६८ पासूनचे आहे, आणि पुण्यास प्रथम आलेले हाउग हेही व्यूर्टेम्बेर्गचेच, हा योगायोग लक्षणीय आहे. आता पहिला पाठ गिरविणारा विद्यार्थी डेक्कन कॉलेजातला शास्त्री नसून पालघर वा बोईसरच्या तंत्रशाळेतून बाहेर पडलेला तरुण, किंवा परिचर्येचा अभ्यासक्रम पुरा केलेली मुलगी असू शकते. तिला पुस्तक वाचावयाचे नाही. तिला रुग्णाचे बोलणे ऐकून समजावे लागेल. युरोपीय मंडळाने २००१ साली ठरविलेल्या सहा पायऱ्यांपैकी पहिली 'आ-आइन्स' ही, आणि परिचारिकेच्या पात्रतेस साधारणपणे चौथी लागते. डहाणूपर्यंत उपनगरी गाडी २०१३ साली आली असली, तरी वर्गासाठी वा परीक्षेसाठी मुंबई गाठावयाची तर बोईसरपासून सुमारे शंभर किलोमीटरांचा प्रवास राहतोच.

या विद्यार्थ्यांची स्थिती टिळक-सुकथनकरांहून एका बाबतीत अधिक बिकट आहे. त्या पंडितांना इंग्रजी उत्तम येत होते, म्हणून इंग्रजीचा वळसा त्यांना फारसा जाणवला नाही. पालघर जिल्ह्यातील मुलाच्या घरी वारली, मांगेली, वाडवळी अथवा वसईकडची कादोडी बोलली जाते. प्रमाण मराठी हीच त्याची शाळेत मिळालेली दुसरी भाषा असते आणि इंग्रजी ही तिसरी व बहुधा सर्वांत दुबळी. त्या तिसऱ्या भाषेतून चौथी शिकविली गेली, तर तो जर्मनमध्ये नापास होईल ते इंग्रजीमुळे, आणि दोष मात्र त्याच्या बुद्धीस लागेल. अडीच म्हणजे 'अर्धे तीन' हे त्यास एका वाक्यात सांगता येते. काल आलेली गाडी त्याच्या तोंडी आहेच. भांडारकरांनी १८६४ साली संस्कृतसाठी जे केले, म्हणजे विद्यार्थ्यास आधीच काय येते ते पाहून त्याच्या पुढची पायरी बांधली, तसे जर्मनसाठी करावयाचे झाल्यास पहिल्या धड्यात 'तो, ती, ते' शेजारी 'डेअर, डी, डास' छापावे लागतील, दुसऱ्यात घड्याळ येईल, आणि त्यातील शब्द रुग्णालयाचे, पाळीचे, हत्यारांचे व पगाराचे असतील.